मेजरची लांबलेली सुट्टी

दत्ताच्या आणि आमच्या घरात भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची. त्यामुळं किस्से गोळा करायला मला केडगावभर हिंडावं लागत नाही. पोळ्या लाटता लाटता ढीग साचतो! कान काही मी मुद्दाम लावत नाही. पण झाकत पण नाही.

दत्ता पंधरा वर्षं फौजेत होता. रिटायर होऊन आला तेव्हा सगळ्यांनी धरलंच होतं, आता नागापूरला एखाद्या कंपनीच्या गेटवर उभा राहणार. हा म्हणाला, "मी नर्सिंगला ॲडमिशन घेतलंय."

त्याचे वडील, आबा, त्याला भेटायला कर्जतकडच्या गावाहून आले होते. त्यांच्या हातातली बशी ओठापाशीच थांबली.

"पंधरा वर्षं बंदूक धरली, आता बेडपॅन धरनार? गावात काय सांगू, माझं पोरगं सिस्टर झालं?"

"आबा, पुरुषाला ब्रदर म्हणतात."

"मंग लईच मोठी बढती झाली!" चहा तसाच ठेवून आबांनी एसटी गाठली.

*

कॉलेजचा पहिला दिवस. वर्गात सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी. दत्ता आत शिरला, सहा फूट उंची, पिळदार मिशी, कडक इस्त्री. सगळा वर्ग ताडकन उभा! "गुड मॉर्निंग, सर!"

दत्तानं मागं वळून बघितलं, सर कुठायत म्हणून. मग गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

*

वॉर्डातल्या बेड लावायच्या प्रॅक्टिकलला मात्र त्यानं फौजेचं पाणी दाखवलं. चादर अशी ताणली, की नाणं टाकलं तर उडावं! मॅडमनी सगळ्या पोरींना बोलावून दाखवलं.

जरा वेळानं बघतात तर त्या बेडचा पेशंट बाजूच्या स्टुलावर अवघडून बसलेला.

"आजोबा, झोपा की!"

"कसं झोपू बाई? घडी मोडंल ना!"

*

तिकडं आबांनी गावात सांगून टाकलं होतं, "दत्ता अजून मिलिटरीतच हाय." म्हणजे यात्रेला गेला की दत्ता सुट्टीवर. दिवाळीला सुट्टीवर. पेरणीलाही सुट्टीवरच!

त्याची बायको सुनीता एकदा माझ्यापाशी रडली. "काकू, हे पहिल्या नंबरानं पास झाले, पण गावात पेढा वाटायची चोरी. आबा नीट बोलत पण नाहीत यांच्याशी."

शेवटी आबांचे दोस्त नामदेवनाना यांनी पारावर दत्ताला विचारलंच. "मेजर, लई सुट्टी देत्यात राव तुमच्यात! लढाई कोन करतंय मग?"

*

पास होऊन दत्ता नगरातल्या एका दवाखान्यात लागला. तिथं एक आजी सारखी हाक मारायची, "ओ सिस्टर!"

"आजी, ब्रदर म्हणा."

आजीनं मान डोलवली. पाच मिनिटांनी परत हाक आली, "ओ ब्रदर सिस्टर!"

*

गेल्या महिन्यात आबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, आणि तेही दत्ताच्याच दवाखान्यात. आबांनी आधीच अट घातली, "गावातलं कुनी भेटाया आलं, तर तू माझ्यापाशी फिरकायचं न्हाई."

"बरं," दत्ता म्हणाला. फौजेत हुकूम मोडायची सवय नाही ना!

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर नामदेवनाना खुर्ची ओढून बसलेले. दत्ता दाराबाहेर, पाठ करून उभा. आणि आबा घामाघूम! त्यांना उठता येईना, लघवी तर सकाळपासून धरलेली.

एक सिस्टर आली. "काय पाहिजे, आजोबा?"

"काय न्हाई!" आबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

दुसरी आली. चादर नाकापर्यंत!

"आरं, काय व्हतंय तुला?" नानांनी विचारलं.

आबांनी एकदा नानांकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग अख्खा वॉर्ड हलेल अशी हाक मारली, "सिस्टर!"

दोघी पळत आल्या.

"तुमी न्हाई गं बायांनो! माझी सिस्टर बोलवा! ती मिशीवाली!"