चाळिसाव्या नावानंतर

मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी हर्षा कापगतेने लॅपटॉपचं इंटरनेट मुद्दाम मंद केलं, देवरीच्या केंद्रात असतं तितकं, आणि स्वतः बनवलेल्या ॲपमधली रुग्णांची यादी उघडली. यादी चाळिसाव्या नावावर थांबली. कितीही सरकवली तरी खाली काही नव्हतं. नावं दोनशे बारा होती.

हर्षा अर्जुनी मोरगावला घरी बसून नागपूरच्या एका लहान कंपनीचं काम करते. हे ॲप एका खासगी संस्थेच्या केंद्रांचं, जिथे सिकलसेल या रक्ताच्या आजारावर गोळ्या देतात. यादीत नाव दिसलं तरच रुग्णाला गोळ्या मिळतात. स्क्रीनवर मावतील तेवढीच नावं ॲप मांडतं, बाकीच्यांची नुसती जागा राखतं. ती जागा यादी उघडताना एकदाच मोजली जाते. नावं सर्व्हरवरून यायला वेळ लागतो, म्हणून हर्षाने मोजणीआधी अर्धा सेकंद थांबण्याची सोय केली होती. नागपुरात तेवढ्यात सगळी येत. देवरीत चाळीस आली, मोजणी उरकली, मागून आलेल्यांना जागाच राहिली नाही. सगळी आल्यावरच मोजायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. डेमोची घाई होती.

देवरीचा रुग्ण श्यामलाल कुंभरे यादीत नाव दिसलं नाही म्हणून दोन बुधवार रिकाम्या हाताने परतला. शनिवारी वारला. गोळ्यांनी वाचला असता का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. त्याच्या बहिणीला, चंदाला, तोच आजार. तिचा गोळ्या घ्यायचा दिवस उद्या.

हर्षाने साहेबांना, धर्मेंद्रला, फोन लावला.

"दुरुस्ती गुरुवारीच चढेल. टेस्टिंगशिवाय काही लाइव्ह जात नाही."

"मागच्या वेळी टेस्टिंग झालीच होती, सर."

"गुरुवारी," म्हणून त्याने फोन ठेवला.

मग तिने देवरीच्या केंद्रात गोळ्या वाटणाऱ्या मुन्नालालला फोनवर गाठलं. "भाऊ, यादी उघडा. दोन मिनिटं थांबा. मग फोन आडवा करा."

"आडवा कायले जी? मी का पिक्चर पाहून राहिलो?"

"करा ना. आडवा केला की ते पुन्हा मोजते."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"दिसून राहिले, मॅडम. सारेच. चंदा पण आहे, श्यामलाल पण. मी तं त्याले म्हटलो, तुयं नाव नाही, जाय घरी. तवा फोन आडवा केला असता तं?"

"पुन्हा एकदा करून दाखवा," हर्षा म्हणाली. त्याने केलं.

केंद्र उद्या, बुधवारी, सकाळी दहाला उघडतं आणि एकला बंद होतं.