मेजावर कोपरं टेकून

सुमनआते गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या छापखान्यात नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. दादा, तिचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आई गेली गो. जेवून जरा आडवी झाली होती..." प्रूफ तसंच टाकून तिच्या गावी, पाळीला निघाले. त्याला आता काही आठवडे झाले, तरी पत्रक लिहायला बसले की आधी तिचं हसू ऐकू येतं.

त्या हसण्याला कारण माझं पहिलं पत्रक. बाळंत होणाऱ्या बाईला उताणी झोपवून ठेवू नका. उभं राहू द्या, बसू द्या, कुशीवर वळू द्या, असं ठणकावून लिहिलं होतं आणि वर उकिडव्या बसलेल्या बाईचं चित्र. धारगळला आम्ही दोघी ते वाटत होतो, तर बायका विचारू लागल्या, संडास कधी बांधून देणार? मी भडकले. आते रस्त्याच्या कडेला बसून हसत सुटली. "अगो, चित्रातल्या बायेक पोट तरी काढूचा होता."

परतताना चहाच्या गाड्यावर मात्र ती ते चित्र परत निरखत बसली. मग म्हणाली, दादाच्या वेळी ती खाटेचा कठडा धरून झुलत होती, बरं वाटत होतं. कुणीतरी दरडावलं, "नाटकां करू नको, झोप." ती झोपली. कळा सगळ्या कमरेत भरल्या, तास न् तास. हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं... मला अजून संताप येतो. बाळाला खाली यायचंय आणि बाईला पाठीवर पाडून चढावर ढकलायला लावायचं, का, तर बघणाऱ्याला सोयीचं. वर नाटकं म्हणायचं.

मागच्या वर्षी माझी वेळ आली. सिस्टरनं झोपायला सांगितलं आणि गावभर पत्रकं वाटणारी मी मुकाट खाटेकडे वळले. आतेनं दंड धरला. "सिस्टर, ती उभी रवली तर बाळाचे ठोके ऐकूक येयनत काय?" सिस्टरनं उभ्यानंच यंत्र लावून पाहिलं. "येतात की." "मगे रवूंदे तिका."

आतेच्या गळ्यात हात टाकून मी झुलत राहिले. कळा काही कमी झाल्या नाहीत, पण त्या माझ्या ताब्यात होत्या. शेवटी पाय लटपटू लागले तरी मी हट्टानं उकिडवीच बसायला बघत होते. आते कानाशी म्हणाली, "तुझा पत्रक वाचूक हंय कोण येवचो नाय. थकलंस तर कुशीर हो." मी डाव्या कुशीवर झाले, वरचा पाय तिनं धरला, आणि लेक आली. पुढच्या पत्रकातून 'उकिडवं बसावं' काढलं, 'तिला विचारावं' घातलं.

दिवसकार्यानंतर पाळीच्या स्वयंपाकघरात गेले. तिथल्या मेजाच्या कडेला कोपरं टेकून, कंबर हलवत उभं राहायची आतेची सवय. त्या जागचं पॉलिश कधीच उडालंय. नेमकं तिथंच वहिनी, दादाची बायको, कोपरं टेकून डुलत होती. तिला आठवा लागलाय.

"असं उभं राहिलं की कंबर हलकी होते गो," ती म्हणाली. "पण दवाखान्यात असं राहू देतील? आई येणार होत्या माझ्याबरोबर..."

"मी येते," म्हटलं, आणि मेजाच्या दुसऱ्या कडेला कोपरं टेकली.