डालग्याखालचा कुरव

संक्रांतीच्या आसपास सुरतेत पक्षी पडला की सगळ्यांना आधी मांजाच आठवतो. तापीच्या काठावर बाबा कुरवांना, म्हणजे सीगल पक्ष्यांना, गाठिया टाकत होते, तेवढ्यात एक कुरव त्यांच्या पायाशीच येऊन पडला. बाबांनी तो रुमालात गुंडाळून थेट उधन्याला घरी आणला. मी प्राणिशास्त्र शिकत होते आणि समुद्री पक्षी इतक्या जवळून आजवर पुस्तकातच पाहिलेला. मला कोण आनंद झाला!

पंख उलगडून पाहिले तर कुठे चिरलेलं नाही, रक्त नाही. पिसांच्या मुळाशी मात्र उवा पळत होत्या. मी भिंग घेऊन बसले ते उठेचना. आई म्हणाली, "उवा देखीसन इतली खुशी?"

जखम नाही म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, बर्ड फ्लू असू शकतो, कुणी हात लावू नका, आम्ही येतो. मी गच्चीवर धावले, तर कुरवाला ठेवलेलं खोकं रिकामं. आईने कुरवाला डालग्याखाली, कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, आपल्या कोंबड्यांत सोडलं होतं. आमच्या खान्देशात नवी कोंबडी दिवेलागणीला जुन्यांत सोडतात, म्हणजे सकाळी त्या तिला टोचत नाहीत. आईच्या मते पाहुण्यालाही तोच न्याय.

दवाखान्याची माणसं कुरवाला घेऊन गेली आणि कोंबड्यांना वेगळं ठेवा म्हणून बजावून गेली. फ्लू निघाला तर त्या सगळ्या माराव्या लागणार होत्या. त्यातली एक खुडूक, अंड्यांवर बसलेली. ती पिल्लू असताना आईने गावाहून एसटीत मांडीवर घेऊन आणली होती.

"मन्या कोंबड्या मारतीन का?" आईने आपल्या कोंबड्यांकडे बघत विचारलं. खरं सांगायचं तर त्या वाचाव्यात असं मलाही वाटत होतं आणि तरी तपासणीत काय निघतंय याची मला घाई झाली होती. आई मात्र गच्चीवरून हलेना. जेवणही तिथेच.

शेवटी फोन आला. फ्लू नव्हता. कुरवाला जंतांनी पोखरलं होतं. औषध लागू पडलंय, उडेल म्हणाले. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत, ओरडतच जिना चढले.

वर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. माझा आवाज ऐकून तिला वाटलं, कोंबड्या न्यायला माणसं आली. खुडूक कोंबडी तिने पदराखाली घट्ट धरली होती, आणि मागे वळून बघायला तयार नव्हती.

"आई, मी शे," मी म्हणाले. "कोन्ही येवाव नही."