बॉयलर बंद, आम्ही पर्यटक

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सिलेंडरमागे कॅरीबॅगा साठतात तसे ते आपोआप साठतात. टाकून देऊ म्हणून बाहेर काढावेत, तर दुपार निघून जाते आणि एकही टाकवत नाही. माझं वय त्रेपन्न, गुडघे माझ्याहून थोरले. हल्ली कुणी "फिरायला जाऊया का" म्हणालं तर मला आधी बसावंसं वाटतं. तरीही गेली सात वर्षं दर जानेवारीत मी दोन दिवस पर्यटक होते, आणि त्याला कारण आमच्या कंपनीचा बॉयलर.

कंपनी अंबरनाथला, मोरिवली गावाला लागून. थंडीत बॉयलरची वार्षिक तपासणी असते, तेव्हा प्लँट दोन दिवस बंद. दोन दिवसांत लांब कुठं जाता येत नाही, आणि घरी थांबलं तर माळे साफ करावे लागतात. म्हणून आम्ही चौघांनी एक टूम काढली. आपण राहतो तीच गावं पाहुण्यासारखी बघायची! दर वर्षी एकाचा नंबर. ज्याचं गाव तो गाइड. त्याने जुनं काय असेल ते दाखवायचं आणि तिथलं काहीतरी खाऊ घालायचं. कुणाच्याही घरी मात्र जायचं नाही, कारण घरी गेलं की बायका भांड्यांना लागतात.

चौघं म्हणजे लॅबमध्ये माल तपासणारी मी, स्टोअरमधला मंगेश, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर भोईरकाका आणि पॅकिंगच्या पुष्पाताई. मी अंबरनाथची, मंगेश उल्हासनगर कॅम्प पाचचा, काका बदलापूरचे. पुष्पाताई खुद्द मोरिवलीच्या. त्यांचा नंबर कधी लागलाच नाही. विचारलं की म्हणायच्या, "आमचे गावान काय हाय बघायला? तुमची कंपनी?" आणि आपला नंबर पुढच्याला देऊन टाकायच्या. या जानेवारीअखेर त्या रिटायर होणार, म्हणजे ही शेवटची संधी. त्या अशाच निघून गेल्या तर आमच्या सहलीत मोरिवली कायमची राहून जाणार, हे मला वर्षभर टोचत होतं.

*

पहिला नंबर माझा होता. अंबरनाथ पूर्वेला अकरा वर्षं राहून मी ते जुनं शिवमंदिर आतून पाहिलं नव्हतं. आम्ही बौद्ध, त्यामुळे देवळात जायचं कारण नव्हतं, आणि कोरीवकाम बघायला जायची सवड नव्हती. बाहेरच्या बोर्डावरचं वाचून मी गाइडगिरी केली. गाभाऱ्यात खाली उतरायच्या पायऱ्या दाखवल्या, भिंतीवरच्या मूर्ती दाखवल्या. सवयीने कुठं नाक तुटलंय, कुठं हात गेलाय हेही सांगत सुटले. मंगेश म्हणाला, "ताई, सगळा लॉट रिजेक्ट करणार का आता?"

बाहेर बेल-फुलं विकणाऱ्या मावशींनी विचारलं, कुठून आलात. आपण पाहुणे आहोत हे भोईरकाका फारच मनावर घेऊन होते. त्यांनी छातीठोक सांगितलं, नागपूरहून. मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं.

"नागपूरला कधी गेलीस गं? काल संध्याकाळी तर बाजारात माझ्याकडून मेथी नेलीस!"

*

दुसऱ्या वर्षी मंगेशचा कॅम्प पाच. सकाळी सकाळी दाल पकवान. थंडीत गरम डाळ आणि तो कुरकुरीत पकवान, तक्रारीला जागाच नाही. पुष्पाताईंनी तिथंही पिशवीतून तांदळाची भाकरी काढली आणि डाळीत बुडवून खाल्ली.

जुनं काय दाखवणार, तर लष्कराच्या बराकी. फाळणीनंतर सिंधी माणसं आली ती याच बराकींत उतरली, हे मंगेशने घोटून पाठ केलं होतं. पण बराक काही सापडेना. जिथं तिथं जीन्सची दुकानं, फर्निचर, मोबाइलची कव्हरं. दीड तास पायपीट झाली, माझ्या टाचा बोलायला लागल्या. शेवटी एका कापडाच्या दुकानातले म्हातारे शेठ म्हणाले, मागच्या गोडाउनमध्ये मूळची भिंत आहे, खोके बाजूला करा आणि बघा. आम्ही चाळीसेक खोके हलवले. मागे भिंत निघाली, तिला ऑइल पेंट मारलेला. मंगेशचा चेहरा पडला. भिंत बघून झाल्यावर शेठनी खोके दुसऱ्या भिंतीला लावून घेतले, कारण त्यांना ते तसेही हलवायचेच होते.

दमून आम्ही त्यांच्याच गादीवर बसलो. त्यांनी चहा मागवला आणि मंगेशची समजूत घातली.

"पुराना ही देखना था ना, साईं? मेरे को देखो. दीवार से दो साल बड़ा हूँ."

*

भोईरकाकांच्या वर्षी त्यांनी भाड्याने ईको आणली. बदलापूरहून निघून आम्हाला अंबरनाथला घ्यायचं आणि परत कोंडेश्वरला जायचं, असा बेत. आम्ही गाडीत चढलो तर मागच्या सीटवर दोन माणसं मफलर गुंडाळून गाढ झोपलेली. मला वाटलं काकांचे पाहुणे असतील. काकांना वाटलं मंगेशचे मित्र असतील. मंगेशला वाटलं पुष्पाताईंचे भाऊ. पाहुण्यांबद्दल विचारणं बरं दिसत नाही, म्हणून सगळेच गप्प.

कोंडेश्वरला गाडी थांबली. मी डबे काढले, पुष्पाताईंनी त्या दोघांनाही हलवून उठवलं. एकजण खाली उतरला. त्याने देऊळ पाहिलं, कुंड पाहिलं, डोंगर पाहिला.

"आज शिफ्ट इकडं लावलीय का?"

काकांनी बावीस वर्षांच्या सवयीने येताना कंपनीच्या प्रत्येक स्टॉपवर दोन-दोन मिनिटं गाडी थांबवली होती! बॉयलर बंद आहे हे त्या दोघांना कुणी कळवलंच नव्हतं. ते आमच्याबरोबरच जेवले आणि संध्याकाळी आपापल्या स्टॉपवर उतरले.

*

काकांच्याच दुसऱ्या खेपेला त्यांच्या भावाच्या शेतावर पोपटी होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा आणि गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला जमलं नाही. लॅबमध्ये दर पंधरा मिनिटांनी सँपल काढायची सवय. मी काठीने मडकं कलतं केलं, पाला सारला, एक शेंग काढून बघितली. कच्ची. पंधरा मिनिटांनी पुन्हा. कच्ची. तिसऱ्यांदा मडकं फुटलं.

आम्ही राखेतून बटाटे वेचून खाल्ले. काका रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं. पुष्पाताई फक्त एवढंच म्हणाल्या, "वंदना, जेवान शिजताना त्याला एकला सोरायचा."

*

यंदा त्यांनी आपणहून सांगितलं, "या वक्ताला माझा नंबर." खरं सांगायचं तर मी थकले होते. डिसेंबरभर ऑडिट चाललं होतं. मोरिवलीत बघायचं काय, तर कारखान्यांच्या चिमण्या आणि पाइप. पण त्या बाईने सव्वीस वर्षं माझ्या शेजारी बसून डबा खाल्ला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

सकाळी नऊला त्यांनी बोलावलं ते कंपनीच्या गेटवर. लग्नातली असावी अशी हिरवी साडी, केसांत अबोली. गेटवर गार्ड नवा, दोनच दिवसांपूर्वी लागलेला. तो नम्रपणे म्हणाला की आज प्लँट बंद, स्टाफला आत जाता येणार नाही, फक्त व्हिजिटरला सोडायची ऑर्डर आहे.

"मंग आमाना व्हिजिटर लिव," पुष्पाताई म्हणाल्या.

त्याने रजिस्टर उघडलं. नाव, गाव, वेळ. मग कोणाला भेटायचंय. पुष्पाताईंनी सांगितलं, हिरू बाळू. या नावाचं आमच्याकडे कुणी नाही हे मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. गार्डला माहीत नव्हतं. त्याने चिठ्ठी फाडून दिली.

आत सगळं थंड होतं. मशिनचा आवाज नसताना ती जागा मी कधी पाहिली नव्हती. पुष्पाताई पुढं, आम्ही मागं. टाइम ऑफिसपाशी थांबून त्या म्हणाल्या, इथं आमचा बांध होता. स्टोअरपाशी म्हणाल्या, इथं चिंच, खाली म्हशी बसायच्या. मंगेशने नकळत तिथली ट्रॉली बाजूला घेतली. पॅकिंगला आल्यावर त्यांनी आपल्या टेबलाखालची फरशी चपलेने दाखवली. इथं भात झोडायचं खळं होतं. त्या परकरात असताना ही सगळी जागा गेली. हिरू बाळू त्यांचा बाप. पुढं तो याच कंपनीत माळी लागला, आणि वारला त्यालाही आता तीस वर्षं झाली.

लॅबमध्ये त्यांनी माझ्या स्टुलावर हात ठेवला. "इथं आमची इहीर व्हती. उनाल्यान पन पानी." सव्वीस वर्षं मी त्या विहिरीवर बसून माल पास करत होते आणि या बाईने मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, दुसरं काही नाही.

"सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"कामावं येताव तवा कामाचा बोलाचा," त्या म्हणाल्या.

मग पॅकिंगच्या फरशीवर बसून आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. कुणी घाई केली नाही. उठताना त्यांनी ताटाबाहेर एक घास काढून ठेवला आणि बाकीचं सगळं पुसून घेतलं.

गेटवर गार्डने चिठ्ठी परत मागितली. ज्याला भेटलो त्याची खाली सही लागते, त्याशिवाय व्हिजिटरला बाहेर सोडत नाहीत. हा कंपनीचा जुना नियम आहे, आम्ही सगळे जाणतो, आणि चौघांच्याही तो डोक्यातून गेला होता.

"मौसी, जिनसे मिले उनका साइन नहीं है," गार्ड म्हणाला.

मी पेन काढून पुढं होणार, तेवढ्यात पुष्पाताईंनी माझा हात धरला. सव्वीस वर्षं पगारपत्रकावर वळणदार सही करणाऱ्या त्या बाईने टेबलावरचा शिक्क्याचा पॅड ओढला, अंगठा शाईत दाबला आणि चिठ्ठीवर सहीच्या जागी उमटवला.

"त्याला सही नाय येत व्हती," त्या म्हणाल्या.

गार्डने चिठ्ठी नीट बघितली, रजिस्टरमध्ये ठेवली आणि गेट उघडलं.