नाकावरचे ठिपके

घरात कोणतीही वस्तू उघडली की तिच्यावर तारीख लिहायची मला सवय आहे. तेलाचा डबा असो की चहाचा पुडा. रविवारी आरशाखालच्या फळीवर माझ्या लेकीच्या, सईच्या, चेहऱ्याला लावायच्या बाटल्या दिसल्या आणि मी पेन घेऊन बसलो. नऊ बाटल्या उघडलेल्या, संपलेली एकही नाही.

"ही परवाच आणली," सई म्हणाली. "आधीचीनं डाग जात नाहीत, असं ती सांगत होती."

ती म्हणजे मोबाइलमधली मुलगी. तिच्या चेहऱ्यावर एकही ठिपका नाही. सईच्या नाकावर लहानपणापासून सहा तपकिरी ठिपके आहेत, आणि ऑफिसच्या फोटोत ती हल्ली मागच्या रांगेत उभी राहते.

खर्चाचं बोलणार होतो, पण पैसे तिच्याच पगाराचे. शिवाय भाजी झाली की आपण तेल ओतायचं थांबतो. चेहरा झाला, आता थांब, असं त्या मोबाइलमधून तिला कुणी कधी सांगतच नाही.

मी नाक पुढे केलं. "मलाही लाव. तुझे ठिपके माझ्याकडूनच आलेत."

तिनं हसत बोटावर थेंब घेतला, माझा चष्मा काढला आणि थांबली.

"नको बाबा. हे गेले तर तुम्ही कुणीतरी भलतेच काका दिसाल."

मग तिनं आरशात स्वतःच्या नाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बोटावरचा थेंब शेवटी कोपराला चोळला.

"वाया कशाला घालवायचा?" म्हणाली.

लेक माझीच आहे.