मोरिसेतने खुर्ची सोडली नाही

नगराध्यक्ष लेस्तियेन यांनी मोरिसेत वाकेझला 'युवक आणि कुटुंब' खातं दिलं, ते ती गप्प राहील म्हणून. रस्ते, बांधकाम, तिजोरी ही वजनदार खाती पुरुषांनी आपसांत वाटून घेतली होती. उरलं ते पोराबाळांचं. गावच्या पाळणाघरात बावीस वर्षं लंगोट बदलणारी बाई उपनगराध्यक्षा झाली, एवढं तिला पुष्कळ, असं सगळ्यांनी धरलं होतं.

दोन वर्षं बरी गेली. मग ठराव आला: पाळणाघरात जागा कमी, तेव्हा आईबाप दोघंही नोकरीला असतील त्यांचीच मुलं घ्यायची. खाणी बंद पडलेल्या त्या गावात अशी घरं किती? ठराव मांडायचा होता मोरिसेतनेच. तिने तो भर सभेत वाचला आणि कागद टेबलावर पालथा घातला.

"वाचायचं काम माझं होतं, ते केलं. मत माझं विरोधात."

"अहो मादाम," लेस्तियेन हसत म्हणाले, "घरी बसलेल्या बाईला पाळणाघर हवंय कशाला?"

"नोकरी मागायला जाताना मूल काय पर्समध्ये घालून न्यायचं? तुमच्या आईनं नेलं होतं का?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. ठराव मात्र मंजूर झाला, आणि आठवड्याच्या आत मोरिसेतचे सगळे अधिकार काढून घेतल्याचं पत्र आलं. आता तिने पदावर राहायचं की नाही, ते सभेने ठरवायचं होतं.

तिच्याच पक्षातला नळकाम करणारा ओग्युस्त तिला गाठून म्हणाला, "राजीनामा टाक आणि मोकळी हो, मोरिसेत. निदान अब्रू तरी राहील."

"अब्रूला काय धाड भरलीय? चोरी केलीय का मी? ज्यांना मी नकोय, त्यांनी मला काढावं."

गुप्त मतदान झालं. एकोणतीसपैकी सोळा मतं तिच्या बाजूने पडली. लेस्तियेननी चिठ्ठ्या पुन्हा मोजायला लावल्या, सोळाच भरल्या.

पद राहिलं, पण खोली गेली, फोनही गेला. मग दर बुधवारी, शाळांना सुट्टी असते त्या दिवशी, बाजारात चीजवाल्याच्या शेजारी ती घडीचं टेबल मांडून आयांची गाऱ्हाणी ऐकायला बसू लागली. पहिली आली नाइमा, कडेवर मुलगी घेऊन. दुकानात गल्ल्यावरच्या नोकरीसाठी तिला मुलाखतीला बोलावलं होतं.

"जा तू. हिला ठेव इथं," मोरिसेत म्हणाली. "पण आधी पाळणाघरात जागा मागणारा अर्ज लिही. नगराध्यक्षांच्या नावानं."

आठवड्याला वीस-वीस अर्ज जाऊ लागले. प्रत्येकाला लेस्तियेनना स्वतःच्या सहीने उत्तर द्यावं लागे. शरद ऋतूपर्यंत ते टेकीला आले आणि नोकरी शोधणाऱ्या आयांसाठी चार जागा राखल्याचं त्यांनी जाहीर केलं. नगरपालिकेच्या पत्रकात त्यांचा फोटो झळकला.

नाइमा ते पत्रक नाचवत आली. "तुमचं नावसुद्धा नाही यात!"

"नाव काय चाटायचंय? चारच दिल्यात मेल्यानं. बस, लिही."

पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिला वगळलं, तेव्हा तिने स्वतःची उमेदवारांची यादी उभी केली. त्यात दुसरं नाव नाइमाचं होतं. लेस्तियेन पुन्हा जिंकले. या दोघीही सभेच्या सदस्य म्हणून निवडून आल्या. पहिल्याच सभेत विरोधी बाकावरून मोरिसेतने हात वर केला, आणि लेस्तियेननी तिच्याकडे न बघताच म्हटलं, "बोला मादाम, पाळणाघर ना?"

"हो," ती उठत म्हणाली, "आणि आज वेळ लागेल."