मास्तर आणि डाव्या खांद्याची रायफल

मास्तर एका वेळी एकच गोळी द्यायचे. मॅगझिनमध्ये दहा मावत असल्या, तरी बिस्किटांच्या जुन्या डब्यातून दोन बोटांनी एक उचलायची, माझ्या तळहातावर ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. ती झाडून झाली की पुन्हा झाकण उघडायचं. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "कोण लागलंय तुझ्या मागे?" अशा माणसाने मला माझी पहिली सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल निवडून दिली, हे सांगून कुणाला खरं वाटत नाही.

इथे परदेशात, कासलबारजवळच्या एका गावात ते आयुष्यभर प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. इथल्या खेड्यांत अशा माणसाला निवृत्त झाल्यावरही सगळे 'द मास्टर'च म्हणतात, त्यामुळे त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायला मला काही कष्ट पडले नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पर्थला. नेमबाजी क्लबच्या रेंजवर नवशिक्यांवर लक्ष ठेवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

मी २०२० च्या जानेवारीत सांगलीहून इथल्या एका मेडिकल डिव्हाइस कारखान्यात क्वालिटी इंजिनियर म्हणून आले आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. माझ्याबरोबर भाड्याच्या घरात राहणाऱ्या दोन्ही मुली आपापल्या गावी निघून गेल्या. कारखान्यात मास्क, दुकानात मास्क. माझा पूर्ण चेहरा पाहिलेली माणसं या देशात फार थोडी होती. सप्टेंबरमध्ये क्लब उघडल्याचं कळलं, तेव्हा कॉलेजातल्या एनसीसीचं निमित्त करून मी तिथे गेले. खरं सांगायचं तर कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी म्हणून गेले.

एनसीसीत माझा नेम बेताचाच होता. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मधोमध भोक पाडलेला एक पुठ्ठा हातात दिला. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबचा खांब बघायचा आणि पुठ्ठा हळूहळू चेहऱ्याजवळ आणायचा. पुठ्ठा आला तो डाव्या डोळ्यावर, म्हणजे माझा नेमाचा डोळा डावा होता.

"जेवतेस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"अगदी लहान होतीस तेव्हा?"

मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. लहानपणी डावा हात पुढे केला की आई तो दाबून खाली ठेवायची, आणि शाळेत बाई पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं. मास्तरांनी रायफल माझ्या डाव्या खांद्याला लावून दिली. त्या दिवशी दहापैकी सात गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. "ग्रँड," एवढंच म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

डिसेंबरात दुकानं थोडे दिवस उघडली, तेव्हा आम्ही रायफल बघायला गेलो. ठरावीक सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या स्पर्धेत उतरायचं माझं ठरलं होतं. मी लांबूनच एका काळ्याकुट्ट, फौजी दिसणाऱ्या रायफलीकडे बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "हिच्यात बंदूक कमी आणि सिनेमा जास्त आहे." मग त्यांची परीक्षा सुरू झाली. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. नेम आपसूक डोळ्यासमोर आला पाहिजे. त्यासाठी मान वाकवावी लागली, तर ती रायफल दुसऱ्या कुणाची तरी. काळी रायफल दुसऱ्या कुणाची तरी निघाली. चौथी, साध्या लाकडी दस्त्याची, माझी निघाली.

"तुमचा तर सेमी-ऑटोवर राग आहे ना?" मी विचारलं.

"राग घाईवर आहे. बोल्टची रायफल घेतलीस तर गोळी भरायचा बोल्ट उजव्या बाजूला, आणि दर गोळीला तुला हात पलीकडे न्यावा लागेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने हात हलवलास तेवढं पुरे. हिच्या रिकाम्या पुंगळ्या मात्र तुझ्या नाकासमोरून उडतील. चष्मा घाल आणि सवय कर."

इथे रायफल आधी ठरवायची, तिचा नंबर लायसन्सच्या अर्जात लिहायचा आणि लायसन्स हातात येईपर्यंत ती दुकानातच ठेवायची, असा रिवाज आहे. दुकानदाराने चिठ्ठी पुढे केली, मास्तरांनी तिच्यावर माझं नाव लिहिलं आणि ती ट्रिगरजवळ दोऱ्याने बांधली. अक्षर इतकं वाकडं, की मला हसू आवरेना. "मास्तर असून अक्षर असं?" मी म्हणाले.

"मोठी गोष्ट आहे," ते म्हणाले. "कधीतरी विचार."

अर्जात मला ओळखणाऱ्या दोघांची नावं द्यायची होती. एक माझा मॅनेजर. दुसरे मास्तर, हे मी गृहीतच धरलं होतं. ते म्हणाले, "पण मी तुला ओळखत नाही."

मला ते फार लागलं. या देशात मला एकच माणूस नावाने हाक मारत होता, आणि तोच ओळखत नाही म्हणत होता. मी अर्ज घडी करून खिशात घातला. गाडीपर्यंत आले, तर मागून म्हणतात, "ओळख करून घेता येईल. रविवारी अकराला फोन करतो. खोटं लिहिणं मला जमणार नाही."

जानेवारीपासून पुन्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जायची हद्द आली, रेंज बंद झाली आणि रविवार तेवढे उरले. चर्चमधली प्रार्थना ते कॉम्प्युटरवर बघायचे आणि ती संपली की फोन करायचे. शाळेच्या वाटेवर काय काय लागायचं? आईचे हात कसे आहेत? राग आला की काय करतेस? मी आधी मोजकं बोलायचे, मग पाणी सोडल्यासारखी सुटायचे. बाबा गेले तेव्हा मी परीक्षेला बसले होते, हेसुद्धा सांगितलं. शनिवारपासूनच मी त्या फोनची वाट बघायला लागले होते.

मार्चअखेर माझ्या अर्जावरून एक गार्ड, म्हणजे इथला पोलीस, माझं बंदुकीचं कपाट तपासायला आला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला.

"आम्हाला हो किंवा नाही एवढंच हवं होतं," तो म्हणाला. "मास्टरनी मला पाऊण तास फोनवर धरून ठेवलं. वहीतून वाचून दाखवत होते. तुझी आई उकडीचे मोदक करते हे आता मला माहीत आहे." मग जरा थांबून म्हणाला, "शेवटी म्हणाले, हिला मी चांगला ओळखतो."

तो गेल्यावर मी दाराशी उभी राहून रडले.

एप्रिलमध्ये एका रविवारी अकराला फोन आला नाही. मी साडेअकरापर्यंत थांबले, मग मीच केला, तो नुसता वाजत राहिला. ते आदल्या दिवशी झोपेतच गेले होते. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून बाकीचं गाव रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभं राहिलं. मीही राहिले. शेजारच्या बाईंनी लांबूनच विचारलं, "यू नो हिम वेल?" मी हो म्हणाले.

घरी येऊन अंत्यविधीची प्रार्थना कॉम्प्युटरवर लावली. मुलीला पर्थहून येता आलं नव्हतं. तिने लिहून पाठवलेलं पाद्री वाचत होते. बाबा जन्माचे डावरे होते, तिने लिहिलं होतं. शाळेत छड्या खाऊन उजव्या हाताने लिहायला शिकले, आणि ते अक्षर शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. स्वतः शिक्षक झाल्यावर त्यांनी एकाही मुलाचा हात बदलू दिला नाही.

जवळजवळ चार महिने दर रविवारी मी बोलत होते. एकदाही, चुकूनसुद्धा, "आणि तुमचं?" असं विचारलं नव्हतं. ते मला ओळखत होते. मी त्या बाईंना खोटंच सांगितलं होतं.

मे महिन्यात लायसन्स आलं आणि मी रायफल आणायला गेले. दुकानदार कात्री शोधायला लागला, तेव्हा मी म्हटलं, राहू दे. चिठ्ठी अजून तिथेच बांधलेली आहे, रायफल खांद्याला लावताना डोळ्याच्या कडेला दिसते. कधीतरी विचार, म्हणाले होते.